‘बॅक स्टॅबर्स’ ऐकण्याआधी

ओजेज या अमेरिकन गायकत्रयीचं ‘लव्ह ट्रेन’ हे गाणं गेली पन्नासहून अधिक वर्षं वाजतं आहे. सिनेमांत वाजतं, जाहिरातींत वाजतं, लग्नाच्या मेजवान्यांत वाजतं. देशोदेशींच्या माणसांनी हातात हात घालून एकाच आगगाडीत बसावं अशी त्यातली हाक आहे, आणि चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतो. त्यामुळे ते गाणं फार सहज ऐकलं जातं आणि तितक्याच सहज बाजूला ठेवलं जातं. गोड, थोडंसं भाबडं गाणं असा शिक्का त्याच्यावर बसला आहे. मला तो मान्य नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या ‘बॅक स्टॅबर्स’ या अल्बमवर हे गाणं सगळ्यात शेवटी, दहावं येतं. त्याआधीच्या गाण्यांत संशय आहे, भांडणं आहेत, चोरून भेटणं आहे, घड्याळाकडे लागलेले डोळे आहेत, आपण नेमके कोण उरलो असा प्रश्न आहे. तिथून चालत आलेल्या माणसानं दिलेली हाक आणि सुटं उचलून वाजवलेलं गाणं यांत मोठा फरक आहे. हा अल्बम पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत ओळीनं ऐकला जावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

गाणारे तिघे ओहायो राज्यातल्या कँटन गावचे. पोलाद आणि बेअरिंगच्या कारखान्यांवर जगणारं हे गाव. दक्षिणेतल्या शेतमजुरीला आणि वर्णभेदाला कंटाळून उत्तरेकडे निघालेली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं अशाच गावांत येऊन वसली. एडी लेव्हर्टचा जन्म अलाबामातला. तो कँटनला आला आणि तिथे वॉल्टर विल्यम्सशी त्याची लहानपणीच मैत्री जमली. दोघं आधी चर्चमधली भक्तिगीतं गात. पुढे मॅकिन्ली हायस्कुलात विल्यम पॉवेल, बॉबी मॅसी आणि बिल आइल्स हे सोबती मिळाले आणि १९५८ मध्ये पाच जणांचा गट उभा राहिला. आधी त्यांनी ‘ट्रायम्फ्स’ हे नाव लावलं, मग ‘मॅस्कॉट्स’. क्लीव्हलँडमधला रेडिओ निवेदक एडी ओजे यानं त्यांची गाणी वाजवली, त्यांना वाट दाखवली, आणि त्याच्या आडनावावरूनच हे ‘ओजेज’ झाले.

नाव मिळालं, पण नावलौकिक मिळायला फार वेळ लागला. १९६३ ते १९७१ या काळात त्यांनी एकामागून एक कंपन्या बदलल्या. ‘लोनली ड्रिफ्टर’, ‘आय’ल बी स्वीटर टुमॉरो’ अशी काही चांगली गाणी याद्यांत चढली आणि खाली आली. आइल्स साठच्या दशकाच्या मध्यावर बाहेर पडला, मॅसी १९७१-७२ च्या सुमारास. पाचाचे तीन झाले. चौदा वर्षं रस्त्यावर काढलेले, तिशीला टेकलेले हे तीन गायक होते. ‘बॅक स्टॅबर्स’मधला दगाबाजीचा अनुभव खरा वाटतो त्याला हे आयुष्य कारण आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. विशीतल्या पोरांच्या गळ्यातून तो सूर निघाला नसता.

त्यांना हा सूर सापडला फिलाडेल्फियात. केनेथ गँबल आणि लिऑन हफ ही गीतकार-निर्मात्यांची जोडी त्यांना आधीपासून ओळखत होती. १९६९ मध्ये या जोडीनं नेपच्यून नावाची छोटी कंपनी काढली होती आणि ओजेजनी तिच्यासाठी ‘वन नाइट अफेअर’ गायलं होतं. नेपच्यूनच्या रेकॉर्डचं वितरण शिकागोच्या चेस कंपनीकडे होतं. लेनर्ड चेसच्या निधनानंतर ती घडी विस्कटली आणि नेपच्यूनही मिटली. पण गँबल आणि हफ थांबले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी कोलंबियाचा मालकगट असलेल्या सीबीएसशी वितरणाचा करार केला आणि ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स’ सुरू केली. मोठ्या गोऱ्या कंपनीला कृष्णवर्णीय संगीताच्या बाजारात पाय रोवायचा होता. या दोघांना देशभर पोचणारी दुकानदारी हवी होती, आणि स्टुडिओतला निर्णय मात्र स्वतःच्या हातात ठेवायचा होता. त्यांनी ओजेजना पुन्हा बोलावलं.

गँबल-हफची कामाची पद्धत साधी होती. हफ पियानोवर बसायचा, गँबल शेजारी उभा राहून शब्द जुळवायचा, आणि दोघांच्या बोलण्यातून गाणं आकार घ्यायचं. विषय रोजच्या जगण्यातून यायचे: शेजारी काय म्हणाला, कोणाचं घर मोडलं, वर्तमानपत्रात काय आलं. गाण्यात सांगण्यासारखं काही असलं पाहिजे, हा गँबलचा आग्रह होता. तो पुढे कंपनीचं ब्रीदच झाला.

ध्वनिमुद्रण झालं सिग्मा साउंड स्टुडिओत. जो टार्सिया या ध्वनिमुद्रकानं १९६८ मध्ये नॉर्थ ट्वेल्फ्थ स्ट्रीटवर तो सुरू केला होता. इथल्या वादकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या अल्बमचा निम्मा जीव त्यांच्या हातांत आहे. रॉनी बेकरचा बास, नॉर्मन हॅरिसची गिटार आणि अर्ल यंगचे ड्रम्स हे तिघे पाया घालत. बॉबी इलाय आणि रोलँड चेंबर्स यांच्या गिटारी, व्हिन्स मोंटानाचं व्हायब्राफोन, लॅरी वॉशिंग्टनचे कोंगा आणि लेनी पॅकुलाचा ऑर्गन त्यावर चढत. डॉन रेनाल्डोच्या हाताखालचा व्हायोलिनवाल्यांचा ताफा वेगळा. या सगळ्या मंडळींना मिळून पुढे ‘एमएफएसबी’ हे नाव पडलं. आधी पायाचे वादक एकत्र बसून गाणं वाजवत. मग त्यावर तंतुवाद्यं, ब्रास आणि गळे वेगवेगळ्या वेळी चढवले जात. म्हणून या संगीतात एकाच वेळी दोन गोष्टी ऐकू येतात: एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवणाऱ्या माणसांची ऊब आणि कागदावर नीट लिहिलेल्या संयोजनाची शिस्त. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीपेक्षा इथलं वाद्यकाम दाट आहे, आणि मेम्फिसच्या स्टॅक्सपेक्षा जास्त नेटकं. खाली रस्त्याचा ठेका आणि वर मैफलीची व्हायोलिनं, हे लग्न फिलाडेल्फियात जितकं जमलं तितकं दुसरीकडे जमलं नाही, असं माझं मत आहे.

आता शीर्षकगीत. ते अल्बमवर दुसरं येतं आणि माझ्या लेखी सत्तरच्या दशकातल्या थोर गाण्यांपैकी ते एक आहे. हफ आणि जीन मॅकफॅडन-जॉन व्हाइटहेड यांनी ते लिहिलं. मॅकफॅडन आणि व्हाइटहेड तेव्हा पंचविशीच्या आतले होते. आधी ‘एप्सिलॉन्स’ या गटात गात, ओटिस रेडिंगसोबत फिरलेले. संयोजन थॉम बेलचं. सुरुवातीलाच पियानोच्या खालच्या सप्तकात एक गडगडाट होतो, ड्रम्स त्याला साथ देतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी वाईट येऊ घातलं आहे. मग कोंगाचा लॅटिन वळणाचा ठेका सुरू होतो, गिटारवर जॅझच्या धाटणीची एक सुरावट उमटते, आणि व्हायोलिनं अशी आत येतात जशी घरात न विचारता शिरणारी माणसं. गायकांनी तोंड उघडेपर्यंत बराच वेळ जातो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. गाण्यातला माणूस बोलण्याआधी आजूबाजूला बघून घेतो आहे, असं वाटतं.

तो सांगतो ते आपल्याकडच्या कोणालाही परकं वाटणार नाही. तोंडावर हसणारे मित्र घरी येतात, चहापाणी करतात, आणि त्यांचा डोळा घरातल्या बाईवर असतो. पाठीत खंजीर खुपसणारे हे दुश्मन नव्हेत, रोजच्या उठण्या-बसण्यातले आहेत. इथे लेव्हर्ट आणि विल्यम्स यांचे गळे काय करतात ते बारकाईनं ऐकावं. लेव्हर्टचा आवाज खरखरीत, चर्चमधल्या उपदेशकासारखा; तो सुराच्या काठावर जाऊन ओरडतो आणि तरी सूर सोडत नाही. विल्यम्सचा आवाज गुळगुळीत, वरच्या पट्टीत सहज फिरणारा, समजावणीचा. एकाला झालेली जखम दुसरा शांतपणे सांगतो. मागून पॉवेलसह सगळे मिळून झील ओढतात तेव्हा ती नुसती साथ राहत नाही. शेजारपाजारचे लोक कुजबुजत ‘हो, आम्हीही पाहिलंय’ म्हणत आहेत असा तिचा बाज आहे. एका माणसाचं दुखणं वस्तीचं होऊन बसतं ते या झिलेमुळे.

गाणं सरळ अर्थानं मैत्रीतल्या दग्याचं आहे, आणि मी त्याच्यावर राजकारण लादणार नाही. पण ते ऐकणाऱ्यांनी त्यात अधिक काही ऐकलं असेल, असं म्हणायला तेव्हाच्या फिलाडेल्फियात भरपूर आधार सापडतो. ८ मार्च १९७१ च्या रात्री शहराजवळच्या मीडिया या गावातल्या एफबीआयच्या कार्यालयात काही युद्धविरोधी कार्यकर्ते शिरले आणि फायली घेऊन गेले. त्या फायलींतून देशाला कळलं की कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि संघटना यांच्यावर पद्धतशीर पाळत ठेवली जाते आहे आणि त्यांच्यात खबरे पेरलेले आहेत. सभेत शेजारी बसून टाळ्या वाजवणारा माणूस सरकारी पगारावर असू शकतो, हे आता कागदावर आलं होतं. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट १९७० च्या अखेरीस, फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यालयांवर छापे घातले होते आणि पकडलेल्या तरुणांना भर रस्त्यात कपडे उतरवायला लावलं होतं. ते छायाचित्र देशभर छापलं गेलं. त्यानंतर आठवडाभरातच टेंपल विद्यापीठात पँथरांचं मोठं अधिवेशन भरलं आणि हजारो लोक आले. तेव्हाचा पोलीस आयुक्त फ्रँक रिझो जानेवारी १९७२ मध्ये शहराचा महापौर झाला. जूनमध्ये वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत चोरटे पकडले गेले. ऑगस्टमध्ये हे गाणं रेडिओवर होतं. हसऱ्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवू नका, हा सूर त्या हवेतच होता. आदल्या वर्षी डेट्रॉइटच्या ‘अनडिस्प्यूटेड ट्रूथ’ या गटानंही ‘स्मायलिंग फेसेस समटाइम्स’ गाऊन तो लावला होता.

मराठी वाचकाला या इतिहासाचा एक धागा जवळून माहीत आहे. १९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिनं आपलं नाव अमेरिकेतल्या त्या पक्षावरून घेतलं. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीला कृष्णवर्णीयांच्या लढ्याची ओळख होती. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत राहून तिथलं साहित्य वाचलं आणि त्याबद्दल इथे लिहिलं. जनार्दन वाघमारे यांनी तर त्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत पुस्तकच दिलं. कविता आली, कादंबरी आली, राजकीय विचार आला. गाणं मात्र त्या मानानं फारसं आलं नाही. रेकॉर्ड महाग होत्या आणि गायलेली इंग्रजी कानाला चटकन लागत नाही, ही कारणं असतील. पण ज्या समाजाची कविता आपण आपली मानली, त्याच्या वस्त्यांत सकाळ-संध्याकाळ काय वाजत होतं हे कळल्याशिवाय ती ओळख पुरी होत नाही, असं मला मनापासून वाटतं. जलशांची आणि भीमगीतांची परंपरा सांभाळणाऱ्या महाराष्ट्राला तर ते अधिक कळावं.

अल्बमकडे परत येतो. पहिलं गाणं ‘व्हेन द वर्ल्ड्ज ॲट पीस’ हे जगात शांतता नांदेल त्या दिवसाबद्दल आहे, पण त्याचा ठेका तणावानं भरलेला आहे. शांततेचं गाणं इतक्या अस्वस्थ तालावर बेतावं यातच गँबलचं शहाणपण दिसतं. बनी सिग्लर आणि फिल हर्ट या दोघांचा या गाण्यात हात आहे, आणि नवव्या ‘सनशाइन’मध्येही. शीर्षकगीतानंतर ‘हू ॲम आय’ येतं, संथ आणि हताश. ‘मिस्टर लकी’ मला या अल्बमवरचं सर्वांत फिकं गाणं वाटतं. चाल गोड असली तरी मनात रुजत नाही. पहिली बाजू ‘टाइम टु गेट डाउन’ या नाचऱ्या गाण्यावर संपते.

दुसरी बाजू ‘९९२ आर्ग्युमेंट्स’नं सुरू होते. नवरा-बायकोच्या न संपणाऱ्या भांडणाचं हे गाणं पळत सुटतं, आणि गायक थांबल्यावरही वादक थांबत नाहीत. यंग आणि बेकर यांच्या हातांतला तो लांबलेला उत्तरार्ध ऐकताना पुढच्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्या डिस्कोची चाहूल लागते. यंगनं १९७३ मध्ये हॅरॉल्ड मेल्विनच्या गटासाठी ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये जो ठेका धरला, ज्यावर नंतर अर्धं दशक नाचलं, त्याची तालीम इथे झालेली आहे. त्यानंतरचं ‘लिसन टु द क्लॉक ऑन द वॉल’ हे लपून केलेल्या प्रेमाचं गाणं आहे, आणि ‘शिफ्टलेस, शेडी, जेलस काइंड ऑफ पीपल’ पुन्हा त्याच कुजबुजणाऱ्या, जळणाऱ्या माणसांकडे नेतं. म्हणजे शीर्षकगीतातला संशय एका गाण्यापुरता नव्हता. दुसऱ्या बाजूवरही तो वाट अडवून उभा आहे. मग ‘सनशाइन’ हे मऊ प्रेमगीत, आणि त्याच्या पाठोपाठ ‘लव्ह ट्रेन’.

त्या गाण्यात गाडीचे थांबे नुसते यमकासाठी निवडलेले नाहीत. इंग्लंड, रशिया, चीन, आफ्रिका, इजिप्त, इस्रायल ही नावं त्यात येतात. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन आला होता, मे महिन्यात मॉस्कोला. इजिप्त आणि इस्रायल १९६७ च्या युद्धानंतर एकमेकांकडे बंदुका रोखून होते. व्हिएतनाममध्ये अमेरिकेतली कृष्णवर्णीय पोरं अजून मरत होती. पॅरिसचा शांतता करार झाला तो २७ जानेवारी १९७३ ला, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, हे गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इजिप्त आणि इस्रायल पुन्हा लढले. हाक कोणाला द्यायची हे गाणाऱ्यांना नीट माहीत होतं. आणि हाक देणारे तेच तिघे होते, ज्यांनी जवळजवळ अर्ध्या तासापूर्वी घरी येणाऱ्या मित्रावरही विश्वास ठेवू नये असं सांगितलं होतं. दगा म्हणजे काय हे ज्याला कळलं आहे तो आता सगळ्यांना बोलावतो आहे. हे धाडस आहे, आणि भाबडेपणाशी त्याचा काही संबंध नाही. लेव्हर्टच्या गळ्यातली खरखर इथेही तशीच आहे. आनंदाच्या गाण्यासाठी त्यानं ती घासून काढलेली नाही.

यश किती मिळालं ते थोडक्यात सांगतो. ‘बॅक स्टॅबर्स’ हे गाणं कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिलं आणि मुख्य यादीत तिसरं आलं. अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या दहांत शिरला आणि त्याला गोल्ड रेकॉर्डचा मान मिळाला. १९७२ च्या अखेरीस बिली पॉलचं ‘मी अँड मिसेस जोन्स’ पहिल्या क्रमांकावर गेलं, हॅरॉल्ड मेल्विनच्या गटाचं ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’ घरोघरी पोचलं, आणि दीड वर्षाच्या कंपनीनं मोटाउनपुढे खरं आव्हान उभं केलं. सोल गटांच्या एलपी तोवर बहुधा दोन गाजलेली गाणी आणि आठ भरतीची अशा असत. मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’नं १९७१ मध्ये ती चाकोरी मोडली होती, पण ते एका गायकाचं, एकाच मनःस्थितीचं काम होतं. गायकांच्या गटानं, रेडिओवर वाजतील अशी चार गाणी देत देत, एक सलग विचार एलपीभर खेळवावा, हे ओजेजनी करून दाखवलं. १९७३ च्या अखेरीस आलेल्या ‘शिप अहॉय’मध्ये ते आणखी पुढे गेले: त्याचं शीर्षकगीत गुलामांना घेऊन निघालेल्या जहाजाबद्दल आहे आणि जवळजवळ दहा मिनिटं चालतं. ‘बॅक स्टॅबर्स’ विकला गेला नसता तर असं गाणं काढायची मुभा त्यांना कोणी दिली नसती.

पॉवेल १९७७ मध्ये कर्करोगानं गेला. लेव्हर्ट आणि विल्यम्स त्यानंतरही दशकानुदशकं एकत्र गात राहिले, आणि २००५ मध्ये या गटाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

पुढच्या पानांत एकेका गाण्यावर स्वतंत्र टिपण आहे. ती टिपणं आधी वाचू नयेत, अशी विनंती आहे. आधी अल्बम मूळ क्रमानं ऐकावा. पाचव्या गाण्यानंतर रेकॉर्ड उलटायची असे, तेवढी उसंत तिथे घ्यावी. ‘लव्ह ट्रेन’ निवडक गाण्यांच्या यादीतून सुटं ऐकलेलं असेल तर यावेळी त्याच्यापर्यंत ‘शेडी, जेलस’ माणसांच्या वाटेनंच जावं. दुसऱ्यांदा ऐकताना मुख्य आवाज सोडून द्यावेत आणि फक्त झील ऐकावी, विशेषतः शीर्षकगीतात. तिसऱ्यांदा कान बेकरच्या बासवर ठेवावा: ‘९९२ आर्ग्युमेंट्स’च्या उत्तरार्धात तो जे करतो त्यासाठी टिपणांत दोन पानं दिली आहेत, आणि ती मला अजूनही अपुरी वाटतात.